व्याह्यांचा सोफा आणि रविवारची फायनल

"पोचला! बाई, आपला डावरा फायनलला पोचला!" शेजारचा चावीवाला आपलं दुकान उघडं टाकून ओरडतच आत आला. "आणि समोर कोण असेल, सांगा बघू?"

मिस्त्रीणबाईंना लगेच बोलता येईना, कारण त्यांच्या तोंडात चुका होत्या. सोफ्याच्या धंद्यात बारीक खिळ्यांना चुका म्हणतात. त्या ओठांत धरायच्या आणि एकेक काढून हातोडीखाली घ्यायची, ही बाईंची सवय. त्यांनी सगळ्या चुका तळहातावर काढल्या, ओठ पुसले आणि विचारलं, "मशीन?"

"मशीनच! तीन वर्षांनी पुन्हा तीच जोडी. रविवारी दुपारी. पावसामुळे फायनल आठवडाभर पुढे गेलीय."

बाई हसल्या. चावीवाल्याला वाटलं, आनंदाने हसल्या. तोही हसला. पण बाईंचं हसू पिंजऱ्यात उंदीर शिरताना बघणाऱ्या माणसाचं होतं.

टेनिसचं वेड बाईंचं नव्हे, त्यांच्या नवऱ्याचं. सगळी गल्ली त्याला मिस्त्री म्हणायची, म्हणून ह्या मिस्त्रीणबाई. दोघांनी मिळून हे सोफे-खुर्च्यांचं दुकान उभं केलं. तो सांगाडे आणि स्प्रिंगा बघायचा, ही कापड आणि शिलाई. कापडाच्या गठ्ठ्यांवर एक जुना टीव्ही असायचा. मिस्त्री म्हणायचा, "सगळ्या खेळांत हा एकच खेळ मान खाली घालून बघता येतो. चेंडूचा टप-टप आवाज ऐकायचा, गुण तर तो खुर्चीवरचा माणूस सांगतोच. हातातलं काम थांबवायला नको." आणि खेळाडूंमध्ये त्याचा लाडका एकच, डावरा. कारण मिस्त्री स्वतः डावखुरा, त्याची हातोडीसुद्धा डाव्या हातात. "तो कोर्टावर चुका करतो आणि मी लाकडात चुका मारतो," हा त्याचा विनोद बाईंनी इतक्यांदा ऐकला होता, की तो तोंड उघडायच्या आत बाईच वाक्य पुरं करायच्या.

डावरा होताच तसा. मनात आलं तर असा फटका मारील, की बघणाऱ्याने उठून उभं राहावं. आणि पुढच्याच चेंडूवर सोपा फटका जाळ्यात. मशीन त्याच्या उलट. तो चुकायचाच नाही. समोरचा दमून चुकेपर्यंत चेंडू परत पाठवत राहायचा.

मुलीचं लग्न ठरलं ते घड्याळवाल्याच्या मुलाशी. मोठ्या रस्त्यावर त्यांचं घड्याळांचं दुकान. व्याही एकटेच, बायको कधीच वारलेली. माणूस वाईट होता, असं बाईंना कधीच म्हणता आलं नाही, आणि हीच तर त्यांची पंचाईत होती. व्याही सढळ हाताचे, सुनेला लेकीसारखं वागवणारे. पण चार माणसं भोवती जमली, की त्यांच्या जिभेला धार चढायची. समोरच्याला टोचलं की नाही हे बघायचं नाही, लोक हसले की नाही एवढंच बघायचं. त्यांना टेनिस आवडतं हे कळल्यावर मिस्त्रीला केवढा आनंद झाला होता! मग कळलं, की ते मशीनवाले. "घड्याळवाल्याला दुसरं कोण आवडणार!" मिस्त्री म्हणाला होता.

तीन वर्षांपूर्वीची फायनल बघायला व्याह्यांनी दोघांना घरी बोलावलं. तेव्हा मिस्त्रीचे हात थरथरायला लागून काही महिने झाले होते. औषधं चालू होती. गिऱ्हाइकासमोर तो हात खिशात ठेवायचा. त्या दिवशी व्याह्यांच्या दिवाणखान्यात शेजारीपाजारी, दुकानातली माणसं, सगळे खच्चून भरले होते. पाचवा सेट. डावऱ्याला मॅच पॉइंट मिळाला, आणि त्याने लागोपाठ दोन सर्व्हिस जाळ्यात घातल्या. डबल फॉल्ट. त्याच क्षणी मिस्त्रीच्या हातातला कप कलंडला आणि चहा सोफ्यावर सांडला.

"बघा!" व्याही टाळी देत म्हणाले. "दोघांचे हात एकदमच कापले!"

सगळी खोली खो-खो हसली. मिस्त्रीही हसला. बाई फडकं आणायला उठल्या, तेव्हा तो खिशातून रुमाल काढायच्या धडपडीत होता आणि रुमाल काही निघत नव्हता.

डावरा हरला. घरी आल्यावर मिस्त्रीने दुकानातल्या टीव्हीवर एक जुनी चादर टाकली. पुन्हा कधी टेनिस लावलं नाही, आणि गिऱ्हाईक समोर असताना हातोडीही उचलली नाही. पुढच्या वर्षी तो गेला. आजारानेच गेला, ते वाक्य बोललं गेलं नसतं तरी गेला असता, हे बाईंना कळत होतं. पण जाताना तो जरा ताठ मानेने गेला असता. त्याचा डूख बाईंनी धरला होता. व्याह्यांनी दवाखान्याच्या फेऱ्या मारल्या, स्वतःच्या गाडीतून ने-आण केली, शेवटच्या दिवसांत उशाशी बसून राहिले. बाईंनी ते सगळं पाहिलं, आभार मानले, आणि डूख होता तसाच ठेवला.

मिस्त्री गेल्यावर त्यांनी टीव्हीवरची चादर काढली. डावऱ्याची एकही मॅच चुकवली नाही. चावीवाला येऊन बसायचा, त्यालाही नाद लागला. तो डावऱ्यावर प्रेम करायचा. बाई वाट बघायच्या.

म्हणूनच सोमवारी सकाळी व्याह्यांचा फोन आला, तेव्हा बाईंना वाटलं, दैव एवढं उदार कसं झालं?

"विहीणबाई, सोफा पाठवतोय. पार बसलाय हो. कापड, स्प्रिंगा, सगळं नवं करा. रविवारी माणसं जमणार आहेत मॅचला. तुम्हीही यायचं बरं का! डावऱ्याला निरोप द्यायला आपलं माणूस नको का कुणी?"

"येईन की," बाई म्हणाल्या. "सोफा शनिवारी पोचता करते."

सोफा टेम्पोतून आला. बाईंनी त्याचं जुनं कापड उसवलं, फोम उपसला, गोणपाट सोडवला. आतल्या गोणपाटावर, मधल्या जागेच्या कडेला, एक तपकिरी डाग होता. चहा इतका आत मुरला होता. बाईंनी तो तुकडा कापून बाजूला ठेवला नाही की काही नाही. कचऱ्यात टाकला. त्यांना आठवणीसाठी डागाची गरज नव्हती.

आठवडाभर दुकानात दुसरा विषय नव्हता. चावीवाला चाव्या घासता घासता येऊन भविष्य सांगून जायचा. "डावऱ्याचा खांदा दुखतोय म्हणतात. पण बाई, पहिला सेट घेतला ना, तर मग नाही ऐकत तो." कोपऱ्यावरचा न्हावी मशीनवाला, तो मुद्दाम दारावरून जाताना म्हणायचा, "तीन सेटमध्ये आटपणार. संध्याकाळची कामं ठेवायला हरकत नाही." चावीवाला त्याच्या अंगावर धावून जायचा. एकदा तर दोघांचं इतकं जुंपलं, की न्हाव्याच्या खुर्चीत अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक ताटकळत बसलं.

बाई वादात पडायच्या नाहीत. त्या मनातल्या मनात एक वाक्य घोळवत होत्या. "काय व्याही, दोघांचे हात एकदमच कापले ना?" कधी शांतपणे म्हणून बघायच्या, कधी हसत. हसत म्हटलेलं जास्त लागेल, असं त्यांचं मत पडलं. पण नुसतं मशीन हरून भागणार नव्हतं. मशीन हरला, तर व्याही चार शिव्या देतील आणि जेवायला बसतील. त्यांना भरल्या खोलीत, माणसांदेखत, खजील व्हायला हवं होतं.

सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यात व्याही बसायचे. ती जागा त्यांचीच. तिथे दुसरं कुणी बसत नसे, आणि बसलाच कुणी चुकून, तर ते त्याच्या डोक्याशी घुटमळत उभे राहायचे. मॅच बघताना त्यांचं बसणं म्हणजे बसणं नसायचं. प्रत्येक गुणाला उठायचे आणि अंग सोडून धाडकन बसायचे.

सोफ्याच्या बुडाशी जाड पट्टे ताणून मारलेले असतात. त्यांच्यावर स्प्रिंगा उभ्या राहतात आणि स्प्रिंगांवर माणूस बसतो. पट्टा लाकडात धरून ठेवतात त्या लांब चुका. गुरुवारी दुपारी बाईंनी सगळ्या सोफ्याचे पट्टे लांब चुकांनी ठोकले. डाव्या कोपऱ्याशी आल्यावर हातोडी खाली ठेवली, पाणी प्यायल्या, पुन्हा येऊन बसल्या. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून कच्चं काम कधी बाहेर पडलं नव्हतं. मिस्त्री असता तर म्हणाला असता, सोड ना. मिस्त्रीने आयुष्यभर सगळं सोडूनच दिलं होतं. बाईंनी आखूड चुकांची डबी ओढली आणि त्या कोपऱ्यातले पट्टे आखूड चुकांनी मारले. वर स्प्रिंगा नीट बांधल्या, गोणपाट, फोम, आणि त्यावर व्याह्यांनी निवडलेलं निळं कापड, शिवण इतकी सरळ की बघत राहावं. दाबून पाहिलं. कोपरा छान उसळी मारत होता. थोडा वेळ मारणार होता.

शुक्रवारी मुलगी आली. सोफ्यावर हात फिरवून म्हणाली, "सुंदर झालाय गं." मग आईच्या तोंडाकडे बघत राहिली. "आई, रविवारी तू येणार आहेस. मामंजी काहीतरी बोलतील. तू मनावर घेऊ नकोस."

"मी कधी घेतलंय मनावर?"

"तू घेतेसच. बोलत नाहीस एवढंच."

"मी बाबांच्या डावऱ्याला बघायला येतेय," बाई म्हणाल्या. हे खोटं नव्हतं.

रविवारी व्याह्यांचा दिवाणखाना तसाच गच्च भरलेला. बाई चावीवाल्याला सोबत घेऊन गेल्या. व्याही दारातच होते. "या, या विहीणबाई! रुमाल आणलाय ना? रडायला लागेल." दोघे-तिघे हसले. बाईंनाही हसू आलं, आणि ते अगदी खरं होतं.

त्या भिंतीजवळच्या खुर्चीवर बसल्या, जिथून टीव्हीही दिसेल आणि सोफ्याचा डावा कोपराही. व्याही आपल्या जागेवर बसले. "काय काम केलंय! राजासारखं वाटतंय," सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

पहिला सेट मशीनने सहज घेतला. व्याही उठत होते, बसत होते, आणि कोपरा मुकाट्याने झेलत होता. दुसरा सेट डावऱ्याने घेतला. चावीवाल्याने खोलीतल्या सगळ्या मशीनवाल्यांकडे आळीपाळीने बघून घेतलं. तिसरा डावऱ्याचा, चौथा मशीनचा. बाईंना दोन-दोन काळज्या. डावरा टिकेल की नाही ही एक, आणि पट्टा टिकून तर बसणार नाही ना, ही दुसरी. मधेच त्यांच्या ध्यानात आलं, की आपण गेल्या कितीतरी गुणांत पडद्याकडे बघितलंच नाही, नुसती सोफ्याची झालर बघतोय.

पाचवा सेट बरोबरीत चालला. मग डावऱ्याने मशीनची सर्व्हिस मोडली. आता स्वतःच्या सर्व्हिसचा गेम राखला की मॅच त्याची. मुलीने सगळ्यांना चहा दिला. पहिला गुण डावऱ्याचा, दुसराही त्याचाच. तिसरा चेंडू मशीनने असा काही परत मारला, की तो रेषेवर पडून निघून गेला.

"अरे वा रे माझ्या वाघा!" व्याही कप हातात घेऊन उठले आणि धाडकन बसले.

कट्ट, असा एक आवाज झाला. मग कट्-कट्. व्याही कमरेपर्यंत सोफ्यात गेले. गुडघे छातीशी आले, पायातली चप्पल उडाली, आणि चहा शर्टावरून ओघळत मांडीवर गेला. खोली हसण्याने फुटली. जो तो हसत होता. जावई बापाला ओढायला धावला, तर व्याही आणखीच रुतले.

बाई उभ्या राहिल्या. आठवडाभर घोटलेलं वाक्य ओठांवर तयारच होतं. "काय व्याही, दोघांचे हात एकदमच कापले ना?"

व्याह्यांनी खड्ड्यातून मान वर करून विचारलं, "कोण दोघं?"

मशीनचा हात कापलाच नव्हता. त्याने तर नुकताच गुण घेतला होता. वाक्य जागेवर बसलंच नाही. लोक एकमेकांकडे बघू लागले. हसणं विरलं.

"तुम्हाला आठवत नाही?" बाई म्हणाल्या.

"काय आठवायचं?"

ते सोंग नव्हतं. व्याह्यांच्या चेहऱ्यावर नुसता गोंधळ होता, आणि शर्टावर चहा. बाईंनी तीन वर्षं जे उराशी धरलं होतं, ते ह्या माणसाने बोलून त्याच संध्याकाळी टाकून दिलं होतं.

मग बाईंनी सांगितलं. भरल्या खोलीत, उभ्याने. डबल फॉल्ट, कप, ते वाक्य, खिशातून न निघणारा रुमाल, टीव्हीवर टाकलेली चादर. सांगताना त्यांना जाणवत होतं, की आपण मिस्त्रीचे हात पुन्हा सगळ्यांसमोर उघडे करतोय. तरी थांबल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "आणि हा कोपरा आपोआप नाही मोडला. मी तसा मारलाय. मुद्दाम."

जावयाने मान खाली घातली होती. त्याला आठवत होतं. खोलीतले सगळे बाईंकडे बघत होते, आणि बाईंची पाठ टीव्हीकडे होती.

"जिंकला!" चावीवाला किंचाळला. एकटा तोच पडद्याकडे बघत होता. "बाई, जिंकला! डावरा जिंकला!"

बाई वळल्या तेव्हा डावरा कोर्टावर आडवा पडला होता, तोंडावर हात घेऊन. शेवटचा फटका त्यांनी पाहिलाच नाही. तो पुन्हा पुन्हा दाखवला, पण तो सगळ्यांनाच दाखवतात.

मुलगी त्यांना दारापर्यंत सोडायला आली. रागाने तिचा आवाज फुटत होता. "बाबांना हे आवडलं असतं?"

"नसतं आवडलं," बाई चपला घालत म्हणाल्या. "म्हणून तर ते गेल्यावर केलं."

रस्त्याने चावीवाला पूर्ण वेळ शेवटच्या फटक्याबद्दल बोलत राहिला. कोपऱ्यावरच्या न्हाव्याने दोघांना पाहून दुकानाचं दार ओढून घेतलं. बाईंना वाटलं होतं, आता गळून जायला होईल, पश्चात्ताप होईल. तसं काही झालं नाही. घरी जाऊन त्या पोटभर जेवल्या आणि गाढ झोपल्या.

दुसऱ्या दिवसापासून किंमत मोजावी लागली. गोष्ट षट्कर्णी व्हायला वेळ लागला नाही. एका बाईने शिवायला दिलेल्या खुर्च्या तशाच परत नेल्या. म्हणाली, "घरचा माणूस सोडला नाहीत, आमचं काय!" मुलीचा फोन येईना. बाईंनीही केला नाही.

आठवड्याने व्याही आले. दुकानात ते कधी पायी येत नसत; आज आले. चावीवाल्याने आपल्या दुकानातून मान लांब केली. व्याही स्टुलावर बसले, बसण्याआधी स्टूल हाताने दाबून पाहिलं. मग स्वतःच ओशाळले.

"मी मुलाला विचारलं," ते म्हणाले. "तो म्हणाला, बाबा, तुम्ही बोलला होतात. आणि मीही हसलो होतो."

बाई कापडाला खडूने रेघा मारत होत्या.

"पण विहीणबाई, मिस्त्री पण हसले होते ना?"

"सोयऱ्याच्या घरी हसणार नाहीत तर काय करतील?"

व्याह्यांनी जवळची चुकांची डबी उचलली आणि परत ठेवली. "दवाखान्यात मी त्यांच्याशी इतका बोलायचो," मग म्हणाले. "एका शब्दाने हा विषय नाही काढला त्यांनी. मला वाटायचं, आमचं चांगलं जमलंय."

"जमलंच होतं. त्यांना तुम्ही आवडायचात," बाई म्हणाल्या. "मला नाही."

"माझं चुकलं."

बाईंनी खडू ठेवला. अशा वेळी जे म्हणायचं असतं, असू द्या, झालं गेलं, ते त्यांच्या जिभेवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं. "हो, चुकलं," म्हणाल्या. "आणि काम कच्चं दिलं, ते माझं चुकलं. उद्या येऊन कोपरा करून देते."

दुसऱ्या दिवशी त्या गेल्या, सोफा उलटा केला आणि लांब चुका ठोकल्या. व्याही बाजूला उभे राहून बघत होते. मुलीने चहा आणला, आईच्या पुढे ठेवला आणि तशीच आत गेली. महिनाभराने तीच दुकानात आली. भांडायलाच आली, पण आली. जेवूनही गेली.

आता येणंजाणं पूर्वीसारखं आहे. व्याह्यांच्या घरी माणसं जमतात, मॅच असते. व्याह्यांना एखादा विनोद सुचतो, तोंड उघडतं, आणि मग त्यांची नजर आधी मिस्त्रीणबाई बसल्यात तिकडे जाते. बऱ्याचदा ते तोंड मिटतात. मुलीला त्याचं वाईट वाटतं. बाईंना वाटत नाही. त्या पडद्याकडे बघत चहा पितात, आणि त्यांना बरं वाटतं.